देवाची शपथ घ्यायची नसेल तर?

मैत्रिणींनो, दिवसभरात आपल्या कानांवर किती शपथा पडतात, कधी मोजलंत का? दूधवाला म्हणतो, 'देवाशप्पथ, पाणी नाही घातलं.' धाकटा म्हणतो, 'आईशप्पथ, बशी मी नाही फोडली.' शेजारणीशी बिनसलं की आपणही बोलून जातो, 'लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते!' यातल्या किती खऱ्या आणि किती खोट्या, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

कोर्टातली शपथ मात्र अशी हवेवर सोडता येत नाही. समजा, उद्या तुमच्या घरी समन्स आलं. घरासमोरचा अपघात तुम्ही गॅलरीतून पाहिलेला आहे, नाहीतर पुतणीच्या पोटगीच्या दाव्यात तुमची साक्ष आहे. नांदेडच्या किंवा लातूरच्या कोर्टात तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या आहात आणि कारकून सांगतो, 'म्हणा, ईश्वराला स्मरून खरं सांगेन.' जिची देवावर श्रद्धा आहे तिला काहीच अडचण नाही. पण जी देव मानत नाही तिनं काय करावं? तिनं मुकाट्यानं म्हणून टाकलं, तर 'खरं सांगेन' म्हणतानाच तिनं एक खोटं वाक्य बोललेलं असतं! आणि नाही म्हणावं, तर मनात भीती. साहेब रागावतील का? 'हिला देवाचीच भीती नाही, हिच्यावर काय विश्वास ठेवायचा?' असं समोरचा वकील म्हणेल का? सासरची माणसं काय म्हणतील?

असा प्रसंग आला तर घाबरून जाऊ नका. कायद्यानं त्याची सोय करून ठेवलेली आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९६९ चा शपथ अधिनियम लागू आहे. त्यात साक्षीदारासाठी दोन वाटा आहेत. एक, ईश्वराच्या नावानं शपथ. दुसरी, प्रतिज्ञा : 'मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करते की, मी जे सांगेन ते सत्य असेल, संपूर्ण सत्य असेल आणि सत्याखेरीज काही नसेल.' कोणती वाट घ्यायची ते साक्षीदारानं ठरवायचं. त्यासाठी कारण सांगावं लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. दोन्हींचं वजन सारखंच.

आणि सिनेमात दिसते ती लाल कापडात गुंडाळलेली गीता? कायद्यातल्या शपथेच्या नमुन्यात कुठल्याच ग्रंथाचं नाव नाही.

तरीही एखादीला वाटेल, ही प्रतिज्ञा म्हणजे नव्या जमान्याचं खूळ. तसं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये प्रतिज्ञेची सवलत आधी मागितली ती क्वेकर पंथाच्या अतिशय धार्मिक लोकांनी. 'शपथ घेऊच नका' ही येशूची शिकवण ते अक्षरशः पाळत. नास्तिकांना ती वाट मोकळी व्हायला फार उशीर लागला. चार्ल्स ब्रॅडलॉ हे नास्तिक गृहस्थ १८८० मध्ये तिथल्या पार्लमेंटवर निवडून आले, पण शपथेच्या वादापायी त्यांना आपल्या जागेवर रीतसर बसायला १८८६ साल उजाडलं. पुढे १८८८ मध्ये कायदा बदलला. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या काँग्रेस अधिवेशनाला मुंबईत आले होते.

बेल-भंडारा ते प्रतिज्ञा

आपल्याकडे जुन्या काळी न्याय शपथेवर आणि दिव्यावर चाले. कोणी नदीच्या पाण्यात उभं राहून सांगे, कोणी खंडोबाचा बेल-भंडारा उचले. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला गेलेल्या बायकांना भंडाऱ्याची शपथ म्हणजे काय, हे सांगायला नको. रवादिव्यात तर उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढावा लागे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बायकोच्या आणि मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावण्याचीही सोय आहे. म्हणजे शपथ घेणार नवरा, आणि जीव टांगणीला बायको-पोरांचा!

इंग्रजी मुलखातल्या कोर्टांनी १८४० मध्ये गंगाजल आणि कुराण हातात देणं बंद केलं. मग १८७३ च्या कायद्यानं हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांसाठी प्रतिज्ञाच ठरवून दिली. वादी-प्रतिवादींना हवी असेल तर आपापल्या चालीची खास शपथ घ्यायची मुभा त्यात होती, पण तिसऱ्या माणसावर परिणाम व्हावा अशी शपथ चालत नसे. लेकराच्या डोक्यावरचा हात तिथंच बाद झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला. आज मात्र नांदेड-लातूरला तोच कायदा आहे जो मुंबई-पुण्याला. खास शपथेची ती तरतूदही १९६९ मध्ये गेली.

राहता राहिला विश्वासाचा प्रश्न. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले. गुरुजी उघडउघड नास्तिक होते, पण म्हणून त्यांचा शब्द कच्चा, असं कोणी नांदेडकरांना सांगून पाहावं! कोर्टसुद्धा साक्ष तोलतं ती उलटतपासणीत ती किती टिकते यावरून. खोट्या साक्षीला शिक्षाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे कोर्टात खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देवाची शपथ घेणारीला आणि प्रतिज्ञा करणारीला ती सारखीच लागू आहे.

साक्षीला जाताना

• पिंजऱ्यात उभं राहिल्यावर कारकुनाला शांतपणे सांगा, 'मी प्रतिज्ञेवर साक्ष देईन.' आपल्या वकिलांना आदल्या दिवशी कल्पना दिलीत तर उत्तम.

• देव का मानत नाही यावर तिथं भाषण नको. तुम्ही काय पाहिलं, काय ऐकलं, तेवढंच सांगायला गेलेल्या असता.

• शपथ आणि प्रतिज्ञा दोन्ही नाकारू नका. तो गुन्हा होतो.

• बारा वर्षांखालच्या मुलाची साक्ष असेल आणि खरं बोलायचं हे त्याला कळतं, पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही, असं कोर्टाला वाटलं, तर शपथेवाचूनही त्याची साक्ष घेता येते.

• जी श्रद्धाळू आहे तिनं खुशाल देवाचं नाव घ्यावं. जावेनं प्रतिज्ञा केली म्हणून तिला नावं मात्र ठेवू नयेत.

आणि हो, एवढं सगळं वाचल्यावर धाकट्यानं पुन्हा बशी फोडली, तर 'घे आईची शपथ' म्हणू नका. जवळ बसवून नुसतं विचारा, 'काय झालं?' खरं सांगितल्यावर मार बसणार नाही, याची त्याला खात्री वाटू द्या. शपथेवाचून खरं बोलायची सवय तिथूनच लागते.