पहिली बिनतारी गाडी

परीक्षेचा निकाल लागला, वाढदिवस जवळ आला किंवा मामा गांवाहून आले, म्हणजे घरांतील मुलांची एक मागणी हटकून पुढें येते. हातांतील यंत्राच्या इशाऱ्यावर दूर धांवणारी लहानशी मोटारगाडी हवी, ही ती मागणी होय. मुलें तिला ‘रिमोटची गाडी’ म्हणतात. या छंदांत मुरलेली मंडळी ‘आर्. सी.’ या दोन अक्षरांनीं तिचा निर्देश करितात. आपण तिला बिनतारी गाडी म्हणूं. नवशिक्यानें अशी पहिली गाडी कोणती घ्यावी, याचा थोडा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

तारेवांचून दूरची वस्तु हालविण्याची कल्पना आजची नव्हे. इ. स. १८९५ च्या सुमारास आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें विद्युल्लहरी भिंतीपलीकडे धाडून घंटा वाजवून दाखविली. १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्क येथें पाण्याच्या हौदांत एक छोटी नौका अशाच लहरींच्या साहाय्यानें फिरविली. पुढें याच तत्त्वावर खेळांतल्या गाड्या निघाल्या. जपानांतील टामिया कंपनीनें १९७६ सालीं पोर्शे ९३४ या मोटारीची बिनतारी प्रतिकृति सुट्या भागांच्या रूपानें विकावयास काढली; ती ग्राहकानें घरीं स्वतः जुळवावयाची होती. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. जी गाडी उघडतां येते व घरीं दुरुस्त करतां येते, तीच पहिली गाडी म्हणून घ्यावी, हेंच माझ्या आजच्या सांगण्याचें सार आहे.

बाजारांत या गाड्यांच्या दोन जाती आहेत; एक खेळण्यांची, दुसरी छंदाची. दुरून पाहतां दोन्ही सारख्याच. किंबहुना खेळण्याचा रंग अधिक भडक व खोका अधिक मोठा. खेळणें हजार-पंधराशें रुपयांत येतें, छंदाची गाडी त्याच्या कित्येक पटींनीं महाग पडते. म्हणून गृहस्थ साहजिकच पहिल्या जातीकडे वळतो. चार दिवसांनीं पुढचें चाक निखळतें, दुकानदार हात झटकतो आणि गाडी माळ्यावर जाते. यांत केवळ पैसे बुडत नाहींत. मोडलेली वस्तु दुरुस्त करावयाची नसते, टाकावयाची असते, हा धडा मूल त्या दिवशीं शिकतें.

तेव्हां दुकानांत तीन प्रश्न अवश्य विचारावे. बॅटरी वेगळी काढतां येते काय? चाकांचे दांडे, गिअर व मोटर सुटीं मिळतात काय, आणि त्यांच्या क्रमांकांची यादी खोक्यांत आहे काय? हातांतील चाक किंचित् वळविलें असतां गाडीचीं चाकेंहि किंचित्‌च वळतात काय? स्वस्त खेळण्यांत बहुधा डावें, उजवें व सरळ एवढ्या तीनच आज्ञा असतात. छंदाच्या गाडींत मात्र आज्ञेचें प्रमाण पाळलें जातें. हातांतला ट्रान्समीटर आज्ञा देतो. गाडींतला रिसीव्हर ती ऐकून दोघां सेवकांस वांटून देतो. सर्व्हो हा एक सेवक स्टिअरिंगचा दांडा सांगितला तितकाच सरकवितो. स्पीड कंट्रोलर हा दुसरा सेवक मोटरला हवी तेवढीच वीज सोडतो. कांहीं गाड्यांत रिसीव्हर व स्पीड कंट्रोलर एकाच डबींत असतात. शक्य तर ते वेगळे असलेली गाडी पाहावी, म्हणजे बिघडेल तेवढेंच बदलतां येतें. आरंभीं कार्बन ब्रशची साधी मोटर पुरे. बिनब्रशच्या मोटरचा वेग नवशिक्याला आवरत नाहीं.

यानंतर जमिनीचा विचार. आमच्या हिंगण्याकडे काळी माती, मुरूम व सिमेंटचे रस्ते हीं तिन्ही आहेत. जमिनीस पोट घासणारी शर्यतीची गाडी येथें दहा हात जाऊन अडकेल. उंच चाकांची बग्गी किंवा ट्रकच्या घाटाची गाडी मुरमावर उत्तम चालते. पावसाळ्यांत मात्र काळ्या मातींत कोणतीच गाडी नेऊं नये. चिखल गिअरांत शिरतो. आकार एकदशांश असावा. साडेचार मीटर लांबीच्या मोटारीची अशी प्रतिकृति ४५ सेंटिमीटर होते. ती खडे सहज ओलांडते व तिचे स्क्रू लहान हातांना फिरवितां येतात. जागा अंगणापुरतीच असेल, तर अष्टादशांश आकाराची गाडी घ्यावी.

वेगाच्या बाबतींत उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असें होऊं नये. ताशीं ३० किलोमीटर वेगानें गाडी सेकंदास आठ मीटरांहून अधिक जाते. डोळ्यानें पाहून बोट हालेपर्यंत पाव सेकंद गेला, तरी ती दोन मीटर पुढें गेलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला कीं धडकेचा जोर चौपट होतो. म्हणून वेग कमी करण्याची सोय ज्या ट्रान्समीटरवर असेल तो पसंत करावा. दुसरी अडचण अशी कीं, गाडी आपल्याकडे तोंड करून आली म्हणजे तिचें डावें तें आपलें उजवें होतें. बहुतेक अपघात येथेंच होतात. आपण गाडींतच बसलों आहों अशी कल्पना करावी, आणि दोन विटा मांडून त्यांच्याभोंवतीं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाडी फिरवावी. चालू करतांना आधीं ट्रान्समीटर व मग गाडी. बंद करतांना आधीं गाडी व मग ट्रान्समीटर, हा क्रम कधीं चुकवूं नये. एरवीं गाडी अनावर धांवण्याचा संभव असतो.

बॅटरीविषयीं मात्र पालकांनीं स्वतः लक्ष घातलें पाहिजे. निकेल-मेटल हायड्राइड जातीची बॅटरी जड असते, पण नवशिक्याच्या चुका सोसते. लिथियम पॉलिमरची बॅटरी हलकी व जोरकस. परंतु ती फुगली, भोंसकली गेली किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाली तर पेट घेते. तिला चार्ज करण्याची मर्यादा साधारणपणें ४५ अंश सेल्सियस असते, आणि नागपूरकडे मे महिन्यांत दुपारची हवाच तेवढी तापते. म्हणून उन्हाळ्यांत चार्जिंग पहांटे, उघड्या फरशीवर, मोठें माणूस जवळ असतांनाच करावें. बंद मोटारींत किंवा गच्चीवर बॅटरी विसरूं नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरूं नये. गाडी किती वेळ चालेल याचें गणित सोपें आहे. बॅटरी २००० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे दोन अँपिअर-तासांची असून गाडी सरासरी आठ अँपिअर ओढत असेल, तर पाव तासांत खेळ संपतो. तेवढ्यानें गाडी खराब आहे असें समजूं नये.

हाताशीं जो पैसा असेल तो सगळा गाडींतच घालूं नये. पांचवा हिस्सा चांगला चार्जर, पुढच्या चाकांचे जादा दांडे व स्क्रू-ड्रायव्हर यांसाठीं राखून ठेवावा. दांडा मोडला कीं मुलाला किंवा मुलीला रागावूं नये. शेजारीं बसून गाडी उघडावी. मोटरच्या टोंकाला पिनियन हें लहान दांतेरी चाक असतें व तें स्पर या मोठ्या चाकास फिरवितें. पिनियनला १५ दांते व स्परला ६० असतील, तर मोटरच्या चार फेऱ्यांत मोठें चाक एक फेरा घेतें. वेग चौथाई होतो, जोर जवळजवळ चौपट होतो. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात, त्यांचा नांगर काळ्या मातींतून ओढला जातो तो याच हिशेबानें. आपल्या हातानें दांते मोजलेल्या मुलाला हें प्रमाण फळ्यावर वेगळें शिकवावें लागत नाहीं. तेव्हां गाडी घेतांना खोक्यावरील चित्राकडे कमी पाहा, ती पालथी घाला आणि तिचे स्क्रू कोठें आहेत तें आधीं शोधा.