विश्लेषण : खांद्यावर पडल्यानंतर हाड वर आले, तर शस्त्रक्रिया करावीच लागते का?

दुचाकी घसरते किंवा कबड्डीत पकड होताना खेळाडू थेट खांद्यावर आपटतो. काही वेळाने खांद्याच्या टोकाजवळ हाडाचा उंचवटा दिसू लागतो. एक्स-रेनंतर निदान होते ‘एसी जॉइंट सेपरेशन’. उंचवटा पाहून घरचे घाबरतात आणि लगेच ऑपरेशनची चर्चा सुरू होते. मात्र, यातील बऱ्याच दुखापती शस्त्रक्रियेविना सावरतात.

नेमके काय सुटते?

कॉलर बोनचे बाहेरचे टोक आणि पाठीवरच्या त्रिकोणी हाडाचा, म्हणजे खवाट्याचा, वरचा भाग जिथे जुळतो तो एसी जॉइंट. खांदा निखळणे ही वेगळी दुखापत आहे. तिच्यात दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून बाहेर येतो. एसी जॉइंटच्या दुखापतीत हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट ताणले जातात किंवा तुटतात. मग हाताच्या वजनाने खवाटा खाली ओढला जातो आणि कॉलर बोन वर आल्यासारखे दिसते.

कोणाला शस्त्रक्रिया लागते?

डॉक्टर सहसा रॉकवूड वर्गीकरण वापरतात. त्यात सहा प्रकार आहेत.

• पहिला व दुसरा : लिगामेंट ताणलेले किंवा काही प्रमाणात तुटलेले. हात झोळीत ठेवणे, बर्फाचा शेक, वेदनाशामक औषधे आणि नंतर व्यायाम एवढे बहुतेकांना पुरते.

• चौथा ते सहावा : हाड मागे स्नायूत घुसलेले, खूप वर सरकलेले किंवा क्वचित खाली अडकलेले. येथे सहसा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो.

• तिसरा : लिगामेंट पूर्ण तुटलेले, पण हाड फार दूर न गेलेले. खरा वाद याच प्रकाराबाबत आहे.

संशोधन काय सांगते?

कॅनडातील ८३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सांधा पूर्ण सुटलेल्या या रुग्णांपैकी काहींना ‘हूक प्लेट’ बसवली, तर इतरांवर शस्त्रक्रिया केली नाही. प्लेट बसवलेल्यांचा सांधा एक्स-रेमध्ये अधिक जागेवर दिसला. पण सुरुवातीच्या तीन महिन्यांत हात अधिक चांगला चालला तो शस्त्रक्रिया न झालेल्यांचा. दोन वर्षांनी हाताच्या कामात दोन्ही गटांत विशेष फरक उरला नाही.

शस्त्रक्रियेत काय करतात?

हूक प्लेटचे आकड्यासारखे टोक खवाट्याच्या हाडाखाली अडकवून कॉलर बोन खाली दाबून धरले जाते. आकड्यामुळे हाड झिजू शकते, म्हणून काही महिन्यांनी प्लेट काढण्यासाठी साधारणपणे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. दुसऱ्या पद्धतीत हाडांना छिद्रे पाडून धातूची बटणे आणि मजबूत दोरा यांनी हाड जागेवर बांधतात. हे दुर्बिणीतूनही करता येते आणि बटणे सहसा काढावी लागत नाहीत. दुखापत तीन आठवड्यांहून जुनी असेल, तर तुटलेले लिगामेंट नीट जुळण्याची शक्यता कमी होते. अशा वेळी अनेकदा रुग्णाच्याच मांडीतील टेंडन घेऊन नवा बंध तयार केला जातो.

जंतुसंसर्ग, हाड पुन्हा वर सरकणे आणि छिद्राजवळ हाड मोडणे हे धोके असतात. हात साधारण चार ते सहा आठवडे झोळीत राहतो. जड ओझे उचलायला आणि अंगाला अंग भिडणारे खेळ खेळायला चार ते सहा महिने लागू शकतात.

निर्णय कसा घ्यावा?

तिसऱ्या प्रकारात आधी व्यायाम करून पाहणे आणि काही महिन्यांनीही दुखणे किंवा अशक्तपणा राहिला तर शस्त्रक्रिया करणे, हा मान्य मार्ग आहे. मात्र, तोवर दुखापत जुनी होते आणि शस्त्रक्रिया मोठी होऊ शकते. डोक्यावर हात नेऊन काम करणारा रंगारी, हमाल किंवा गोलंदाज यांचा निर्णय टेबलावर काम करणाऱ्यापेक्षा वेगळा असू शकतो.

उंचवटा शस्त्रक्रियेविना बहुधा कायम राहतो, पण तो दिसतो म्हणून हात अधू झाला असे नाही. त्यामुळे डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत : दुखापत कोणत्या प्रकारची आहे? थांबल्यास काय बिघडेल? बसवलेले साहित्य पुन्हा काढावे लागेल का?

हाताला मुंग्या येत असतील, बोटे बधिर किंवा थंड पडली असतील, श्वास घेताना त्रास होत असेल किंवा हाडावरची त्वचा ताणून पांढरी पडली असेल, तर मात्र वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.