असू दे, लागेल!

मराठी घरातलं सर्वांत जड वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर आम्ही बेधडक सांगू : "असू दे, लागेल!" या वाक्यापायी आमच्या लीड्सच्या घरातलं जिन्याखालचं कपाट गेली दहा वर्षं नीट बंद होत नाही. आइस्क्रीमचे रिकामे डबे, कुठल्या यंत्राच्या ते आता कुणालाच आठवत नाही अशा वायरी, एका हाताचे मोजे, सगळं आहे तिथे. २००३ साली एम.एस्सी.साठी इथे आलो तेव्हा विमानात वीस किलोची मर्यादा होती. आईने त्यात प्रेशर कुकर बसवला, गोडा मसाला बसवला, आणि वर कुकरची एक जादा रिंग खुपसली. "असू दे रे, लागेल." ती रिंग पुढच्याच हिवाळ्यात लागली, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

तर अशा घराण्यातल्या माणसाने पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत उतरायचं ठरवलं. आर्नसाइडच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघायचं, यॉर्कशायर डेल्स ओलांडून पूर्वेला स्कारबरोला समुद्र पाहायचा, आणि आल्या पावली परत. सुमारे सहाशे किलोमीटर, बराचसा रस्ता खडीचा नि चिखलाचा. 'डेल्स डिव्हाइड' म्हणतात तिला. नियम साधा : मागे गाडी नाही, मदतनीस नाही. खाणं, झोपणं, पंक्चर काढणं, जे लागेल ते सायकलवर घ्यायचं, किंवा वाटेत सर्वांना खुल्या असलेल्या दुकानातून विकत घ्यायचं.

या खेळाचं एक मोठं नाव आपल्या शेजारचंच आहे. हॅरोगेटच्या माइक हॉलने २०१२ साली विमानप्रवासाचा वेळ वगळता ९२ दिवसांत जगाला सायकलने प्रदक्षिणा घातली आणि २०१३ साली लंडन ते इस्तंबूल ही 'ट्रान्सकॉन्टिनेंटल' शर्यत सुरू केली. आणि आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी! बोर्नमथला शिकत असताना २०१८ साली तिने १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती. आमच्या वयाच्या निम्म्याहून कमी! मनात म्हटलं, तिला जमतं तर आम्हाला सहाशे किलोमीटर का नाही?

हलकं सामान हे आजचं खूळ आहे असं मात्र कुणी समजू नये. लंडनच्या टी. एच. होल्डिंग नावाच्या शिंप्याने आयर्लंडमध्ये सायकलवर तंबू बांधून भटकंती केली आणि १८९८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. हलका तंबू त्याने स्वतःच बेतला. शिंपीच तो, कापड कुठे वाचवायचं हे त्याला आपल्याहून जास्त कळणार! १९०१ साली त्याने सायकलवर मुक्काम करणाऱ्यांची संघटना काढली. आज कॅरव्हॅनचं मोठ्ठं धूड घेऊन फिरणारे लोक ज्या क्लबाचे सभासद असतात, त्याचं मूळ ते. आपल्या जवळच्या नेल्सन गावात कॅरडाइस कंपनी १९३२ पासून जाड सुती कापडाच्या सायकलपिशव्या शिवत आली आहे.

असो. एका रविवारी आम्ही स्वयंपाकघरातला पीठ मोजायचा काटा पुढे ओढला आणि एकेक वस्तू मोजायला बसलो. पहिली बेरीज आली ११ किलो ४०० ग्रॅम. चिरंजीव (वय वर्षे सोळा, जन्म लीड्स) शेजारी बसून म्हणाले, "बाबा, तुम्ही रेसला चाललाय की घर बदलताय?"

मग आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. दोन पाने, दोन स्क्रू-ड्रायव्हर काढून एकच घडीचं हत्यार ठेवलं. टॉवेलऐवजी रुमाल. टूथब्रशचा दांडा करवतीने कापला (सहा ग्रॅम!). चिकटपट्टीचं अख्खं रीळ न घेता दीड मीटर पट्टी पंपाभोवती गुंडाळली. साडेसहा किलोपर्यंत आलो. शेवटी उरलं कापूस भरल्यासारखं फुगीर जाकिट, वजन ३०० ग्रॅम. ते बाजूला काढलं तोच आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, असू दे. लागेल." आम्ही मुकाट्याने परत ठेवलं, आणि रात्री सगळे झोपल्यावर हळूच काढून कपाटात टांगलं.

रंगीत तालीम मार्चमध्ये होती. लीड्सहून ऑटली, इल्क्ली, केटलवेल करत बकडेनच्या पुढे फ्लीट मॉस. ५८९ मीटर उंचीवर जाणारा हा डांबरी रस्ता, पलीकडे उतार थेट हॉजला. चढताना घामाने आतून भिजलो, माथ्यावर पावसाने बाहेरून भिजवलं. चढताना शरीराची भट्टी पेटलेली असते म्हणून काही जाणवत नाही. उताराला लागलं की पाय थांबतात, भट्टी विझते आणि वारा मात्र दुप्पट होतो. ओल्या कपड्यातून उष्णता कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने पळते. पाच मिनिटांत दात वाजू लागले. पुढच्या दोन मिनिटांत बोटं बधिर झाली, आणि मग जे कळलं त्याने पोटात गोळाच आला : ब्रेक नीट दाबता येत नव्हता. समोर तीव्र उतार, रस्ता ओला, अंधार पडत आलेला. सायकलवरून उतरलो आणि चालत, अक्षरशः लटपटत, खाली आलो. फोन करावा तर बोटं पडद्यावर उमटेनात. हॉजमध्ये एका खानावळीतल्या रेडिएटरला पाठ लावून अडीच तास बसलो तेव्हा कुठे बोटांनी चहाचा कप धरला.

बसल्या बसल्या हिशेब केला. आम्ही ७२ किलो, सायकल १२, सामान ६, एकूण ९०. चढावर एक किलो कमी केला तर तासामागे साधारण नव्वदावा भाग, म्हणजे ४० सेकंद वाचतात. सपाटीवर तेवढेही नाहीत. म्हणजे जाकिट घरी ठेवून आम्ही तासाला १२ सेकंद कमावले होते. गमावलेले अडीच तास भरून यायला साडेसातशे तास चढ चढावा लागला असता. सौ.ना हा हिशेब सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि फक्त "हं" म्हणाल्या. रात्री जाकिट काढल्याची कबुली मात्र बरीच महाग पडली.

तेव्हापासून आमची कसोटी बदलली. वस्तू किती ग्रॅमची हे नंतर. ती नसेल तर काय होईल, हे आधी. नुसती गैरसोय होणार असेल तर घरी. जिवावर बेतणार असेल तर बरोबर. या कसोटीवर टॉवेल, जादा शर्ट, पुस्तक सगळं गळतं. टिकतं ते असं : ऊबदार जाकिट, पावसाचा कोट, कोरड्या मोज्यांचा एक जोड, झोपायची पिशवी, खालची चटई (अंगाखाली दबलेली पिसं ऊब धरत नाहीत, जमीनच अंगातली ऊब ओढून घेते), दोन ट्यूब आणि दिवे. दिव्यांत काटकसर नको. माइक हॉल २०१७ च्या ३१ मार्चला ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीत पहाटेच्या अंधारात मोटारीची धडक बसून गेला. आपल्या लहानपणी टायरला घासून कुरकुरणारा डायनमो आता पुढच्या चाकाच्या तुंब्यात जाऊन बसला आहे, दिवाही देतो आणि फोनही चार्ज करतो.

सामान कुठे बांधायचं, यालाही महत्त्व आहे. जड वस्तू, म्हणजे हत्यारं आणि पाणी, सायकलच्या त्रिकोणात, खाली. सीटमागच्या पिशवीत कपडे, घट्ट दाबून. सैल बांधली तर ती प्रत्येक पायडलला शेपटीसारखी हलते. हँडलला वळकटी, आजोबांच्या होल्डॉलची धाकटी बहीण. झोपायची पिशवी आणि जाकिट मात्र पाणी न शिरणाऱ्या थैलीतच. पिसं भिजली की संपलं.

खाण्यात आपण भाग्यवान. केळ्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९० कॅलरी, शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर. चिक्की उत्तम, पण थंडीत ती दगड होते आणि दाताचा डॉक्टर शर्यतीत नसतो. म्हणून शेंगदाण्याचे नि खजुराचे लाडू. आपल्या लीड्सच्याच बेरिल बर्टन बाईंनी १९६७ साली बारा तासांत २७७ मैल सायकल चालवून पुरुषांनाही मागे टाकलं. पुढच्या पुरुषाला ओलांडताना त्यांनी त्याला खिशातली लिकरिशची गोळी देऊ केली. लिकरिश म्हणजे आपलं ज्येष्ठमध! आम्हीही दोन जादा लाडू ठेवतो. अजून कुणाला ओलांडायची वेळ आलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

शर्यतीचं काय झालं म्हणता? स्कारबरोचा समुद्र पाहिला, आणि तिथेच उजव्या गुडघ्याने संप पुकारला. आगगाडीने घरी आलो. पण दुसऱ्या रात्री एका चर्चच्या ओसरीत जाकिट घालून चार तास झोपलो, तेव्हा अंगात ऊब होती आणि सकाळी बोटं ब्रेकवर नीट वळत होती. सगळं सामान ५ किलो ९०० ग्रॅम, जाकिटासकट.

मंडळी, शर्यत सोडा. येत्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन आपल्या लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठाने निघू या. सॉल्टेअर, बिंगलीचे १७७४ चे पाच पायऱ्यांचे दरवाजे, मग स्किप्टन. साधारण तीस मैल, चढ जवळजवळ नाहीच. एक रात्र तंबूत. माणशी पाच किलो, एक ग्रॅम जास्त नाही. पीठ मोजायचा काटा आम्ही आणू. सामान भरताना घरातलं कुणी "असू दे, लागेल" म्हणालं, तर लगेच हसू नका. आधी विचारा, कशाला लागेल? उत्तर पटलं तर ठेवा. आणि रात्री चोरून काढू नका.