वायफाय जोडलंय, पण नेट नाही

लॅपटॉपवर वायफायची खूण पूर्ण दिसते, पण पान उघडत नाही. अशा वेळी आधी त्याच वायफायवर मोबाइल चालतो का, ते पाहा. मोबाइलचा डेटा बंद करूनच पाहा, नाहीतर फसगत होते. मोबाइलही अडला, तर बिघाड बहुधा राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. फायबरच्या डब्यावरचा ‘एलओएस’ दिवा लाल असेल, तर तारेतून येणारा प्रकाशच पोचत नाही. तार तुटली असेल किंवा कुठेतरी फार वाकली असेल. राउटर बंद-चालू करत बसू नका, सरळ तक्रार नोंदवा.

मोबाइल चालतो आणि लॅपटॉपच अडतो, तेव्हा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ द्या. वायफायचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. लॅपटॉपने आपणच तात्पुरता घेतलाय. वायफाय ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका, पुष्कळदा एवढ्यावर भागतं. पत्ता ठीक असेल तर ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर येतंय, तरी एकही संकेतस्थळ उघडत नाही? मग संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर. सेटिंग्जमध्ये डीएनएस १.१.१.१ करून पाहा. व्हीपीएन चालू राहिलंय का, घड्याळाची तारीख चुकलीय का, हेही बघा.

राउटरमागच्या बारीक छिद्रात पिन घालून रीसेट मात्र करू नका. त्यात कंपनीने भरलेलं युजरनेम आणि पासवर्ड पुसले जाऊ शकतात, आणि मग मोबाइलचंही नेट जातं.