पाणी गाळून भागत नाही

पाण्याच्या वाटेने : लेखांक ७

गेल्या आठवड्यात नारूची गोष्ट संपवली. तो रोग प्यायच्या पाण्यातून यायचा, म्हणून त्याच्यावरचा उपायही घरातच होता. फडकं दुहेरी करायचं आणि पाणी गाळून घ्यायचं. आजचा कृमी या फडक्याला जुमानत नाही, कारण तोंडावाटे आत येण्याची त्याला गरजच पडत नाही. घोटाभर पाण्यात पाय बुडाला, तरी त्याचं काम होतं.

मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाला केप मॅक्लिअर नावाचं भूशिर आहे आणि तिथे चेम्बे हे कोळ्यांचं गाव. सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब, पाणी नितळ. १९८४ पासून हा भाग जागतिक वारसा आहे तो इथल्या रंगीबेरंगी माशांमुळे. बायका किनाऱ्यावरच धुणी-भांडी करतात, पोरं तिथेच डुंबतात, पुरुष तिथेच जाळी ओढतात. आणि पोरांच्या लघवीतून रक्त जातं. चिचेवा भाषेत या दुखण्याला ‘लिकोड्झो’ म्हणतात. डॉक्टरी नाव सिस्टोसोमियासिस, जुनं नाव बिल्हार्झिया. १८५१ साली कैरोत शवविच्छेदन करताना थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरला माणसाच्या रक्तवाहिनीत हे कृमी सापडले, त्याच्यावरून ते पडलं.

पण कृमी माणसात पोचतो कसा, हे कळायला पुढे साठेक वर्षं गेली. १९१३ मध्ये जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी एका गोगलगायीवर बोट ठेवलं. दोन वर्षांनी लायपर यांनी इजिप्तमध्ये तिथल्या जाती शोधून काढल्या. मधला दुवा सापडला तो असा.

रोग्याच्या लघवीतून अंडी पाण्यात पडतात आणि फुटतात. बाहेर आलेल्या केसाळ पिल्लाकडे काही तासांचाच अवधी असतो. तेवढ्यात बुलिनस जातीची गोगलगाय गाठली नाही, तर ते मरतं. गाठली, तर तिच्या मऊ अंगात शिरून एकाचे अनेक होतात, तेही नर-मादीच्या भेटीशिवाय. पाच-सहा आठवड्यांनी तिच्यातून शेपटीवाल्या सूक्ष्म अळ्या बाहेर पडू लागतात, दिवसाला शेकडो. त्या उजेडावर चालतात. सर्वांत जास्त सुटतात भर दुपारी, म्हणजे पोरं पाण्यात उतरतात नेमकी तेव्हाच. अळी काही मिनिटांत कातडीतून आत घुसते, शेपूट बाहेर टाकून देते आणि रक्तातून फुप्फुस, यकृत असा प्रवास करत मूत्राशयाभोवतीच्या शिरांत ठाण मांडते. नराच्या अंगाला एक लांब खाच असते, मादी तिच्यात राहते. हा संसार वर्षानुवर्षं चालतो. खरा त्रास कृमींचा नसतो, अंड्यांचा असतो. त्यांच्या टोकाला काटा असतो. निम्मीअधिक अंडी बाहेर न पडता शरीरातच अडकतात आणि भोवतालचा भाग सुजत, निबर होत जातो. बायकांच्या जननमार्गात ती अडकली, की होणाऱ्या जखमा गुप्तरोगाच्या समजल्या जातात. मग औषधही चुकतं आणि वर बदनामी होते ती वेगळीच.

आपल्याकडे गोगलगायीला ‘पोटात पाय’ म्हणून कायमचं बोल लावून ठेवलंय. पण या प्रकरणात तीही बळीच आहे. कृमी तिच्या शरीराचा असा ताबा घेतो, की तिची स्वतःची अंडी घालण्याची शक्ती बहुधा नष्ट होते. ती जगते ती दुसऱ्याची पिल्लं वाढवायला.

कोकणातल्या वाचकांसाठी थोडं आडवळण. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात याच तऱ्हेच्या रोगाची नोंद केली. तिथली संशयित गोगलगाय म्हणजे टोपीसारख्या कवचाची, जेमतेम काही मिलिमीटरची फेरिशिया. पुढे हा रोग आपल्याकडे आफ्रिकेसारखा फोफावला नाही, पण वैद्यकाच्या पुस्तकांत गिमवीचं नाव राहिलं.

आता परत चेम्बेला. कारण तिथलं कोडं वेगळं आहे. साधारण १९८५ पर्यंत सरोवराचा उघडा, वाळूचा किनारा या रोगापासून मुक्त मानला जाई. धोका ओढ्यांत आणि साचलेल्या पाण्यात, असाच समज होता. पर्यटक बिनधास्त पोहत. १९९२ मध्ये इथे पोहून गेलेल्या दोन अमेरिकी स्वयंसेवकांच्या मज्जासंस्थेपर्यंत अंडी पोचल्याचं निघालं आणि बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं. (गावातली पोरं आजारी होती तोवर गेलं नव्हतं, हे ओघाने आलंच.)

दरम्यान काय बदललं? मासे. ट्रेमाटोक्रॅनस प्लॅकोडॉन नावाच्या माशाच्या घशात दाढांसारखे सपाट दात असतात आणि त्यांनी तो गोगलगायी कवचासकट फोडून खातो. वाळूत राहणारी बुलिनस नियासॅनस त्याच्या धाकात असे. लोकवस्ती वाढली, जाळ्यांची भोकं बारीक झाली, मच्छरदाण्याही जाळी म्हणून वापरात आल्या, आणि किनाऱ्याजवळचा हा मासा उपसला गेला. जिथे हा मासा कमी तिथे गोगलगायी जास्त, हे संशोधक जे स्टॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं.

औषध आहे. प्राझिक्वांटेल स्वस्त आहे, प्रभावी आहे, आणि शाळांतून फुकट वाटलं जातं. पण ते कोवळ्या कृमींवर फारसं चालत नाही आणि पुढच्या लागणीपासून वाचवतही नाही. सकाळी गोळी घेतलेला पोरगा दुपारी त्याच पाण्यात असतो. त्याला ‘पाण्यात जाऊ नको’ सांगणं सोपं आहे. घरातली भांडी कुठे घासायची, ते सांगणाऱ्याने सांगावं.

किनाऱ्यालगत मासेमारी थांबवली तर मासा परतेल, असं तज्ज्ञ सुचवतात. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण किनाऱ्यालगत मासे धरतो कोण? ज्याला होडी परवडत नाही तो. आपल्या रापणीसारखी जाळी लावून, दहा-बारा जण कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ती ओढतात. वर ऊन असतं, खाली वाळूत गोगलगायी, आणि जाळ्यात येणाऱ्या माशांत कधी कधी तोच एक असतो, घशात दाढा असलेला.

(पुढील लेखांकात : सेनेगल नदीवरचं डायामा धरण आणि कोळंबीची अडलेली वाट)