रेमिंग्टन, कृतिदेव आणि शोधगंगा

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता: विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ‘डिजिटल’ म्हणून हल्ली काय चालतं ते बघा आणि लिहा. रीतसर जायचं तर ग्रंथपालांना भेटायला हवं. मी आधी भोपाळच्या बिट्टन मार्केटमधला एक टायपिंगवाला गाठला, कारण प्रबंधाचं बरंचसं भवितव्य तिथेच ठरून जातं अशी शंका होती.

अरेरा कॉलनीतला हा बाजार भोपाळकरांना ठाऊक आहे तो हाटासाठी. भाजीच्या गर्दीतून जरा बाजूला झालं की झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग. गाळ्यात एक संगणक, एक प्रिंटर आणि सोनेरी अक्षरं ठोकलेल्या काळ्या पुठ्ठ्यांची चळत. गृहस्थ जुन्या टाइपरायटरवर शिकलेले. हस्तलिखितावरची नजर न हलवता बोटं चाललेली. ‘‘रेमिंग्टन है, भाईसाब. हाथ बैठा हुआ है.’’ कीबोर्डवर देवनागरीचा मागमूस नाही, आणि इंग्रजी अक्षरंही निम्मी झिजलेली.

फॉन्ट अर्थातच कृतिदेव. त्यांना म्हटलं, ‘भोपाल’ टाइप करा आणि मग फॉन्ट बदलून इंग्रजी करा. पडद्यावर आलं: एच, के, के, एस, आय, के, वाय. संगणकाच्या लेखी तिथे एवढंच लिहिलेलं असतं. ‘एच’च्या जागी अर्ध्या भचं चित्र बसवलेलं, ‘के’च्या जागी काना. अर्ध्या भला काना लावला की पूर्ण भ. पुढचे ‘के’ आणि ‘एस’ मिळून ओकार, ‘आय’ म्हणजे प, पुन्हा काना, ‘वाय’ म्हणजे ल. ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला आधी दिसते म्हणून टाइपही आधी करायची. ‘हिन्दी’ची सुरुवात ‘एफ’ने होते. ‘धर्म’मधला र मात्र म होऊन गेल्यावर, रफाराच्या रूपात, सगळ्यात शेवटी. उच्चाराशी या क्रमाचा संबंध नाही. कागदावर खिळा जसा आपटायचा तसा हा क्रम. देवनागरी न कळणाऱ्या यंत्राकडून देवनागरी छापून घ्यायची ही युक्ती मला मनापासून आवडली. कचेऱ्या, वर्तमानपत्रं, छापखाने वर्षानुवर्षं तिच्यावर चालले. आपल्याकडे श्रीलिपी, आकृती वगैरेंनी हेच केलं, फक्त प्रत्येकाची चित्रांची मांडणी निराळी.

अक्षराचं चित्र नव्हे तर अक्षरच साठवणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी 1991पासून आहे. तरी कृतिदेव का? ‘‘पेजमेकर में दूसरा चलता ही नहीं.’’ खरं आहे. पेजमेकरची शेवटची, 7.0 ही आवृत्ती 2001ची. युनिकोडमधली जोडाक्षरं तिला जमत नाहीत. पण प्रबंधांचे साचे, समास, मुखपृष्ठं, प्रमाणपत्रांचे मसुदे असा दुकानाचा सगळा संसार तिच्यात आहे.

इथून निघालेली पीडीएफ ग्रंथालयात जाते. इतिहास थोडक्यात सांगायचा तर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009च्या नियमांत पीएच.डी. प्रबंधाची सॉफ्ट कॉपी देणं बंधनकारक केलं. ती ठेवायला गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ उभी केली, डीस्पेस या मुक्त प्रणालीवर. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. पूर्वी प्रबंध म्हणजे कुलूपबंद कपाटातली एक प्रत असे. आता परभणीतल्या मुलीला भोपाळचा प्रबंध घरबसल्या उघडता येतो. ही बाब मी लहान मानत नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध शोधगंगेवर चढवण्याचं काम पाहणाऱ्या बाई मूळच्या मराठी, भोपाळातच वाढलेल्या. ‘‘या, बसा. पण बोलता बोलता काम करीन हं.’’ त्या एका प्रबंधाचे तुकडे करत होत्या: शून्य एक शीर्षक, शून्य दोन प्रमाणपत्र, पुढे प्रकरणवार. मग कर्ता, मार्गदर्शक, विभाग, विषयशब्द. प्रबंधाचं नाव त्या स्वतः युनिकोडमध्ये टाइप करतात, म्हणून नावाने शोधलं तर सापडतो. आतला मजकूर? त्यांनी एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये टाकला. इंग्रजी अक्षरांची रांग. ‘‘बघा. तीनशे पानं आहेत, आणि ‘पंचायत’ शोधलं तर एकदाही नाही. प्रबंध पंचायतींवरच आहे.’’

वाङ्मयचौर्याच्या तपासणीत तर कहर. 2018च्या नियमांनुसार साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आकडा काढायचं सॉफ्टवेअर ‘शोधशुद्धी’ योजनेतून 2019पासून विद्यापीठांना मिळतं. पण त्याला जे वाचता येतं त्याचंच साम्य ते सांगणार. इंटरनेटवरचा युनिकोड मजकूर जसाच्या तसा उचलून कृतिदेवात उतरवला, तर यंत्राला त्यात ओळखीचं काहीच दिसत नाही. कृतिदेवातून कृतिदेवात उचललेला कदाचित पकडला जाईल. म्हणजे आळशी चोर सापडतो, दुकानात टाइप करून घेणारा सुटतो. आणि प्रामाणिक संशोधकाचा शून्य टक्काही तितकाच बिनकामाचा.

रूपांतराची साधनं आहेत, फुकटही आहेत. वेलांटी मागची पुढे न्यायची, रफार काना-मात्रा ओलांडून मागे आणायचा, एवढं ती बहुतेक ठिकाणी करतात. तळटीप, कोष्टक किंवा मध्येच आलेला खरा इंग्रजी शब्द भेटला की घसरतात. इंग्रजी नावाचं निरर्थक देवनागरी करून ठेवतात. मग तीनशे पानांचं मुद्रितशोधन कोण करणार? पदवी मिळालेला माणूस परत येत नाही. मार्गदर्शकांचा पुढचा विद्यार्थी उभा असतो.

वैताग येतो तो पैशांचा हिशेब पाहिला की. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेला केंद्राने नोव्हेंबर 2024मध्ये मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. सरकारी विद्यापीठांतल्या मुलांना ती वाचायला मिळाली याचा आनंदच आहे. पण आपण आपल्या भाषेत लिहिलेलं आपल्यालाच शोधता यावं, यासाठी या बाईंच्या टेबलावर एक जादा माणूसही नाही.

आणि यात टायपिंगवाल्याचा हात बदलायचीही गरज नाही. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी परीक्षा असते. तिच्यात रेमिंग्टन गेल मांडणीवर टाइप करता येतं आणि मजकूर युनिकोडमध्ये उमटतो. बोटांची सवय जवळपास तीच. बिट्टन मार्केटच्या त्या गाळ्यातला मदतनीस मुलगा याच परीक्षेची तयारी करतो; दुकानाचं काम मात्र कृतिदेवात करतो, कारण गिऱ्हाईक दुसरं काही मागत नाही.

बाई आता प्रबंध घेताना पीडीएफसोबत युनिकोडमधली वर्ड फाइल मागतात. काही जण देतात. बाकीचे नियम दाखवा म्हणतात, आणि नियमात सॉफ्ट कॉपी एवढंच आहे, फॉन्टचा उल्लेख नाही. विद्यापीठाने नोंदणीच्या वेळीच ही अट घालावी असं टिपण त्यांनी वर पाठवलं आहे. ते अजून समितीपुढे आलेलं नाही.