बोटावरचा आकडा

जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये एक युक्ती मांडली: सुई न टोचता, त्वचेतून आरपार जाणारा प्रकाश नाडीच्या ठोक्यागणिक कसा बदलतो त्यावरून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा. हाच पल्स ऑक्सिमीटर. बरीच वर्षं हे यंत्र ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूतच राहिलं. आओयागी वारले एप्रिल २०२० मध्ये, कोविडमुळे साऱ्या जगाला त्यांच्या यंत्राची निकड भासू लागली होती नेमकी तेव्हा.

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, म्हाताऱ्या रुग्णांकडे मात्र ते त्याआधीच पोहोचलं होतं. ब्रिटन सरकारने २००८ च्या सुमारास कॉर्नवॉल, केंट आणि लंडनचा न्यूहॅम भाग अशा तीन ठिकाणी सीओपीडी, मधुमेह आणि हृदयविकाराच्या ३,२३० रुग्णांवर मोठी चाचणी केली. काहींच्या घरी मोजमापाची यंत्रं बसवली, काहींचे उपचार नेहमीसारखेच चालू ठेवले. वर्षभरात यंत्रवाल्यांपैकी ४.६ टक्के दगावले, इतरांपैकी ८.३ टक्के. सरकार हरखून गेलं. पुढे खर्चाचा हिशेब आला आणि हा व्यवहार परवडणारा नाही असं दिसलं.

मला जास्त शिकवून जातो तो स्कॉटलंडमधल्या एडिंबरा आणि आसपासच्या लोदियन भागातला २०१३ चा अभ्यास. तिथे सीओपीडीचे २५६ रुग्ण होते, सगळे आदल्या वर्षी दवाखान्यात भरती होऊन आलेले. निम्म्यांच्या घरी टचस्क्रीन दिला: रोज ऑक्सिजन मोजायचा, धाप किती, बेडका कसा, कोणते उपचार घेतले ते भरायचं. उरलेल्या निम्म्यांना यंत्र नव्हतं, पण तीच माहिती आणि तीच वैद्यकीय मदत होती. वर्षाअखेरीस पाहिलं तर पुन्हा भरती होईपर्यंतचे दिवस दोन्हीकडे जवळजवळ सारखेच निघाले. आधीच्या चाचण्यांचं यश यंत्राचं नसून त्याच्यासोबत सुधारलेल्या सेवेचं असावं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष. यंत्र विकणाऱ्यांना हे आवडणं शक्यच नव्हतं.

आपल्याकडे हा आकडा आला कोविडच्या लाटेवर स्वार होऊन. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि त्यांच्याबरोबरची पथकं दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरली. ‘किती आला?’ हा प्रश्न घराघरात रुजला आणि त्याच्यासोबत ‘याखाली गेला तर धोका’ अशी ९४ ची रेघही. साथ ओसरली तरी ती रेघ काही पुसली गेली नाही.

घोळ इथेच आहे. जुन्या सीओपीडीत काहींचा ऑक्सिजन एरवीही नव्वदीच्या आसपासच असतो. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायचा धोका असतो त्यांना ऑक्सिजन लावला तर ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात. घरच्यांना ते ठाऊक नसतं. आजींच्या गारठलेल्या बोटावर ८९ दिसला की सून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची खुंटी दोन लिटरवरून चारवर नेते. आकडा ९६ वर जातो, सगळे निश्चिंत होतात; आजींना मात्र पेंग येऊ लागते, कारण आत कार्बन डायऑक्साइड चढलेला असतो. उलट बेडका पिवळा-हिरवा होणं, दोन जिन्यांऐवजी एकातच धाप लागणं, हे बिघाडाचे इशारे पुष्कळदा ऑक्सिमीटरच्या आधी मिळतात. ते मोजायला यंत्र नाही, म्हणून ते कुणी सांगत नाही.

सीओपीडी म्हटलं की विडी-सिगारेट आठवते, पण अशा आजींनी पुष्कळदा आयुष्यात विडी ओढलेली नसते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे आणि त्यामागच्या चुलीच्या धुराकडे लक्ष वेधलं होतं. अशा बाईची धाप घरात ‘वय झालं’ या खात्यात जमा होते.

आता घरी ऑक्सिमीटर आहे, कॉन्सन्ट्रेटर भाड्याने मिळतो, २०२० पासून सरकारी ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं. फक्त तो कॉल आजींनी किंवा घरच्यांनी लावायचा असतो. लोदियनमध्ये आकडा बिघडला किंवा आलाच नाही, तर पलीकडची वैद्यकीय मंडळी आपणहून फोन करायची.